शिनचॅन ‘खऱ्या मुलाची गोष्ट’ नाही

व्हॉट्सॲपवर पुन्हा एक फॉरवर्ड फिरतोय: शिनचॅन नावाचा पाच वर्षांचा मुलगा जपानमध्ये खरोखर होता, धाकट्या बहिणीला वाचवताना गाडीखाली गेला आणि त्याच्या आईने क्रेयॉनने त्याची चित्रं काढली, त्यातून ‘शिनचॅन’ ही कार्टून मालिका जन्मली. शेवटी रडक्या इमोजींची रांग.

हे खोटं आहे. ‘क्रेयॉन शिनचॅन’ हे योशितो उसुई या व्यंगचित्रकाराचं काम. १९९० साली ते एका साप्ताहिकात सुरू झालं, तेही मोठ्यांच्या! (त्यातला चावटपणा कुठून आला, हे आता लक्षात येईल.) ॲनिमेशन टीव्हीवर आलं एप्रिल १९९२ मध्ये.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याने साल तरी तपासायचं. शिनचॅनची बहीण हिमावारी मालिकेत जन्मली १९९६ मध्ये. म्हणजे भाऊ आधीच सहा वर्षं छापून येत होता आणि बहिणीचा पत्ताच नव्हता. तिला वाचवताना तो गेला कसा? खरं आहे ते मालिकेत शिनचॅन राहतो ते गाव: कासुकाबे, टोकियोजवळच्या सैतामा प्रांतातलं.

मृत्यू झाला तो उसुईंचा. सप्टेंबर २००९ मध्ये ते आराफुने डोंगरावर एकटेच गेले आणि कड्यावरून पडले. पुढच्या वर्षी त्यांच्या सहायकांनी चित्रकथा नव्या नावाने पुढे चालू केली. शिनचॅन मात्र अजून पाच वर्षांचाच आहे, आणि ढोबळी मिरची ताटात दिसली की अजूनही तोंड वाकडं करतो.