मापाचा सूट द्या, मग आमच्या पायांना नावं ठेवा!

डोकं फिरलंय माझं. ड्राय सूटमध्ये, म्हणजे पाणी आत न घेणाऱ्या पोशाखात, स्कूबा डायव्हिंग शिकायला गेलेल्या बाईचे पाय पाण्याखाली वर जायला लागले, ती उलटी झाली, की तिला काय ऐकवतात? "तुझा ताबा नाहीये. घाबरू नकोस. सराव कर." आणि वर बुडायला मदत म्हणून कमरेच्या पट्ट्यात आणखी दोन किलो शिसं. तिच्या पायात कुणाच्या मापाचे बूट अडकवलेत, हे बघायला एकही जण खाली वाकत नाही.

मी इंग्लंडमध्ये मिडलंड्सला राहते. इथून समुद्र लांब, म्हणून पाणी भरलेल्या जुन्या दगडखाणींत डायव्हिंग शिकवतात. हिवाळ्यात तिथलं पाणी पाच-सहा अंशांवर येतं. तारकर्लीला मी शिकले तेव्हा पातळ वेट सूट भरपूर झाला होता. इथे तो कामाचा नाही, कारण पाणी हवेच्या पंचवीसेक पट वेगानं अंगातली ऊब ओढून नेतं. वेट सूट थोडं पाणी आत घेतो, ड्राय सूट घेतच नाही. मानेला आणि मनगटांना सील, म्हणजे पाणी अडवणाऱ्या घट्ट पट्ट्या, सूटलाच चिकटवलेले बूट, आत जाड कपडे आणि त्या कपड्यांत अडकलेली हवा. थंडीपासून वाचवते ती ही हवा, आणि जिवावर उठते तीही हीच.

दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, हवा निम्मी होते. सूट अंगाला आवळतो, घड्यांचे चिमटे बसतात, म्हणून छातीवरचं बटण दाबून सिलिंडरमधली थोडी हवा सूटमध्ये घ्यायची. वर येताना ती फुगते. मग डावं कोपर उचलून दंडावरच्या व्हॉल्व्हमधून ती सोडून द्यायची, कारण हवा कायम सगळ्यात उंच जागेकडे धावते. हीच हवा पायात शिरली की तिला बाहेर पडायला वाटच नाही. पाय वर, डोकं खाली, व्हॉल्व्ह त्याहून खाली, आणि माणूस पायांकडून वर ओढला जातो. जितकं वर जाल तितकी हवा फुगते, तितका वेग वाढतो. त्या घाबरगुंडीत श्वास रोखला तर फुप्फुस फाटू शकतं. खोलात बराच वेळ काढून असं वर फेकलं गेलं तर शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. "होईल सवयीनं" म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट आहे का?

आता भाड्याचा सूट बघा. दुकानात तीन मापं टांगलेली, तिन्ही सहा फुटी पुरुषांच्या बेतानं कापलेली. सव्वापाच फुटांच्या बाईला त्यातला लहानातला लहान घातला तरी पायांचं कापड घोट्याशी गोळा होतं. ते गोळा झालेलं कापड म्हणजे हवेला आयती जागा! बूट तर आणखी वाईट. माझा पाय चार नंबरचा, बूट आठ नंबरचा. टाच बुटात टेकतच नाही. पाय उलटे झाले की पाऊल बुटातून वर सरकतं, फिन, म्हणजे पोहायचा पंखा, वाकडी होते, आणि सरळ व्हायला जी जोरदार लाथ मारायची ती मारताच येत नाही. गुडघे पोटाशी घ्या, पुढे कोलांटी घ्या, हवा सोडा, असं पूलमध्ये शिकवतात. अहो, पाऊल बुटात असेल तर ना!

मनगटांचंही तेच. माझं मनगट बारीक आहे. मूठ आवळली की आतल्या बाजूला दोन कंडरा ताठ उभ्या राहतात, त्यांच्यामध्ये खाच पडते, आणि सील त्या खाचेत बसत नाही. बटण दाबायला बोटं वळवली की थंड पाण्याची एक धार त्या खाचेतून आत शिरते. आधी कोपरापर्यंत, मग दंड, मग काख. बाहेर आल्यावर बाही पिळली तर पाणी गळतं आणि शिक्षक म्हणतो, "थोडा ओलावा यायचाच." हा थोडा ओलावा नाही! ड्राय म्हणून ज्याचे पैसे घेतलेत त्या सूटमध्ये मी कुडकुडतेय.

मानेच्या सीलखाली एक बट जरी अडकली तरी तिच्या कडेनं पाणी झिरपतं. लांब केस वर बांधायचे आणि सील बसल्यावर आतून बोट फिरवून केस मोकळे करायचे, हे मला शिक्षकानं नाही सांगितलं. पार्किंगमध्ये एका अनोळखी बाईनं सांगितलं. तेलानं सीलचं लेटेक्स, म्हणजे रबर, खराब होतं, म्हणून आदल्या रात्री केसांना तेल लावायचं नाही आणि सीलला बिनवासाची टाल्कम पावडर लावायची, हेही तिनंच. आणि मानेचा सील फार घट्ट असेल तर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबून चक्कर येऊ शकते. त्यावर "घट्टच असतो तो" एवढंच उत्तर मिळतं.

पण मला सगळ्यात जास्त संताप येतो तो शिशाचा. विद्यार्थी बुडत नाही? घाला वजन. पाय वर जातात? घाला वजन, नाहीतर घोट्याला बांधा. अहो, जास्त शिसं म्हणजे तरंगायला सूटमध्ये जास्त हवा, आणि जास्त हवा म्हणजे पायाकडे धावणारा जास्त मोठा बुडबुडा. ज्यानं दुखणं वाढतं तेच औषध म्हणून पाजताय! हिशेब साधा आहे. 12 लिटरचं सिलिंडर 232 बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं माप) भरलं की त्यातल्या हवेचंच वजन तीन किलोच्या वर होतं आणि डाइव्हच्या शेवटी त्यातली बरीचशी संपलेली असते. म्हणून 50 बार उरलेले असताना, सूटमधली जादा हवा काढून, पाच-सहा मीटरवर स्थिर राहता आलं पाहिजे. तेवढंच शिसं हवं, त्यापुढे एक किलो नको. ही तपासणी करायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं. ती होत नाही. नजरेनं अंदाज घेतात आणि पट्टा हातात देतात.

याचा परिणाम सांगते. कोल्हापूरची एक मुलगी इथे शिकायला आलीय. मालवणला मी तिला पाण्यात पाहिलंय. वाळूचा कणही न उडवता तळाच्या वितभर वर निवांत थांबायची. तिला स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर जाऊन स्कापा फ्लो हा उपसागर बघायचा होता. 21 जून 1919 ला जर्मनांनी तिथे आपलंच आरमार बुडवलं, त्यातल्या सात मोठ्या युद्धनौका आजही तळाशी आहेत. त्यानंतर तिला आइसलँडचं सिल्फ्रा बघायचं होतं, दोन भूपट्टांच्या मधली भेग, दोन ते चार अंशांचं नितळ पाणी. ड्राय सूटचं प्रशिक्षण किंवा अनुभव दाखवल्याशिवाय तिथे डाइव्हला उतरू देत नाहीत. म्हणून तिनं कोर्सला नाव घातलं. दुसऱ्या डाइव्हला ती पायांकडून वर फेकली गेली. रात्री तिचा फोन. "ताई, माझ्यानं नाही होणार हे. माझ्यातच काहीतरी कमी आहे." मी विचारलं, बूट कितीचा होता? तिला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाऊन मी बघितला. नऊचा! तिचा पाय पाचचा.

आणि यावर उपाय नाहीत असंही नाही. बायकांच्या मापाचे सूट बनतात. सूटला बुटांऐवजी मोजे असतात, वरून प्रत्येकाच्या नंबरचे वेगळे, नाड्यांचे बूट घालता येतात. पोटऱ्यांना गेटर्स, म्हणजे सूटवरून आवळायच्या पट्ट्या, बांधल्या तर तिथे हवेला जागा कमी उरते. दुकानानं असे दोन सूट आणि चार जोड बूट ठेवले तर दिवाळं निघणार नाही.

त्या मुलीला शिकवणाऱ्या दुकानाला मी हे सगळं बुटाच्या फोटोसकट लिहून पाठवलं. उत्तर आलं की बाकीच्या विद्यार्थ्यांना याच सूटमध्ये जमतं, तिनं हवं तर जादा डाइव्हचे पैसे भरून पुन्हा प्रयत्न करावा. जादा पैसे! मी आजच परत लिहिलंय: आधी तिचे घेतलेले सगळे पैसे परत करा, आणि पाच नंबरचा बूट आणून ठेवा. तो येईपर्यंत मी ओळखीच्या एकाही बाईला तुमच्याकडे पाठवणार नाही.