मृत्यूचं तिसरं कारण डॉक्टर? जरा हिशेब तपासू

‘अमेरिकेत हृदयरोग आणि कॅन्सरच्या खालोखाल माणसं मरतात ती डॉक्टरांच्या चुकांमुळे. जॉन्स हॉपकिन्सने सिद्ध केलंय. तिथे ही गत, तर आपल्याकडे पहिलाच नंबर असणार. शक्यतो हॉस्पिटलची पायरी चढू नका.’ फॅमिली ग्रुपवर हा मेसेज अधूनमधून उगवतोच, आणि खाली हात जोडलेल्यांची रांग लागते.

आधी ‘सिद्ध केलंय’चं बघू. आकडा हवेतला नाही. जॉन्स हॉपकिन्स या अमेरिकी विद्यापीठाच्या मार्टिन मकारी आणि मायकेल डॅनियल यांनी मे २०१६मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तो मांडला: वर्षाला २,५१,४५४ मृत्यू. पण त्यासाठी त्यांनी स्वतः एकही केसपेपर तपासलेला नव्हता. आधीचे चार अभ्यास घेतले, त्यांतून सरासरी दर काढला आणि २०१३मधल्या साडेतीन कोटी अ‍ॅडमिशन्सना लावून टाकला. या चारांपैकी तीन अभ्यासांत मिळून असे मृत्यू होते ३५. हो, पस्तीस. शिवाय चारांपैकी दोन अभ्यास मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या, म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्या रुग्णांचे, आणि त्यांचा दर लावला बाळंतपणाला आलेल्या पंचविशीतल्या बाईलाही.

साधा ताळा करून बघा. २०१०मध्ये अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत एकूण मृत्यू झाले सुमारे ७ लाख १५ हजार. मेसेज खरा मानला, तर त्यातला दर तिसरा माणूस चुकीने गेला. इंग्लंडमधल्या दहा हॉस्पिटलांतल्या हजार मृत्यूंचे केसपेपर डॉक्टरांनी खरोखर वाचले, तेव्हा टाळता आले असते असे मृत्यू निघाले ५.२ टक्के. २०२०मध्ये अशा अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं, त्यात अमेरिकेसाठी आकडा आला वर्षाला सुमारे २२ हजार. तीन महिन्यांहून जास्त आयुष्य अपेक्षित होतं अशांचा वेगळा काढला, तर सात हजारांच्या आसपास. हेही काही थोडं नाही. पण अडीच लाख कुठे आणि हे कुठे!

‘डॉक्टरांच्या चुका’ हे मला सगळ्यात खटकतं. वॉर्डातल्या ट्रॉलीवर पोटॅशियम क्लोराइडची अँप्युल आणि डिस्टिल्ड वॉटरची अँप्युल शेजारी-शेजारी असतात. दोन्ही पारदर्शक, कधीकधी एकाच मापाच्या. पोटॅशियम पातळ न करता थेट शिरेत गेलं, तर हृदय बंद पडू शकतं. रात्रपाळीत एकटी सिस्टर तीस खाटा सांभाळतेय आणि हात चुकीच्या अँप्युलवर पडला. तिला निलंबित करून बातमी होते; दोन्ही अँप्युल पुन्हा त्याच ट्रॉलीवर येतात. खरा उपाय म्हणजे पोटॅशियम वॉर्डातून काढून वेगळ्या कुलपात ठेवणं. त्यात खलनायक नाही, म्हणून त्याचा मेसेजही होत नाही.

‘आपल्याकडे पहिला नंबर’ हा तर शुद्ध अंदाजपंचे कारभार. २०२०मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२ टक्क्यांचं कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होतं. बाकीच्यांचं कारणच कागदावर नाही, तर नंबर कशाचे लावायचे?

राहिली पायरी न चढण्याची गोष्ट. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला २०१८चा अंदाज असा: उपचारांनी वाचू शकले असते असे सुमारे २४ लाख मृत्यू भारतात वर्षाला होतात. त्यातले १६ लाख निकृष्ट उपचारांमुळे, ८ लाख ३८ हजार उपचारांपर्यंत न पोचल्यामुळे. हाही मॉडेलवरचाच अंदाज आहे, त्यामुळे शेवटच्या हजाराला चिकटून बसू नका. पण मेसेज वाचून छातीतलं दुखणं अंगावर काढणारा या दुसऱ्या रांगेत जातो. आणि निकृष्ट उपचार सुधारता येतात: शस्त्रक्रियेआधी नाव, जागा, अ‍ॅलर्जी मोठ्याने विचारून घेण्याची एक पानी यादी दिल्लीसह आठ शहरांत वापरून पाहिली, तेव्हा मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. हे २००९मध्ये प्रसिद्ध झालं.

तेव्हा पायरी चढाच. चढताना चालू गोळ्यांची पिशवी आणि जुनं डिस्चार्ज कार्ड बरोबर घ्या, आणि इंजेक्शन भरताना ‘सिस्टर, हे कसलं?’ एवढं विचारा. वैतागल्या तरी विचारा.