शंभरचा प्लॅन आणि अडखळणारी मीटिंग : गावभागातल्या सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, सप्रेम नमस्कार.

तुमचा राग मला रास्त वाटतो, पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष पटत नाही. दोन्हींबद्दल नीट बोलायचं तर चार ओळींत भागणार नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. सांगलीच्या गावभागात तुमचा जुना वाडा आहे. १०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन आहे आणि स्पीड टेस्ट केली की आकडा ९० च्या पुढे येतो. तरी दिवेलागणीनंतर बँकेचं पान उघडता उघडत नाही आणि सूनबाईंची पुण्याच्या ऑफिसबरोबरची मीटिंग अडखळते. कस्टमर केअरने २०० चा प्लॅन घ्यायला सांगितलं. अडखळणाऱ्या इंटरनेटवरच्या माझ्या लेखात मी ‘आधी घरातलं तपासा, लॅपटॉप वायरने जोडून बघा’ असं लिहिलं होतं. त्यावर तुम्ही विचारलंत, “पैसे आम्ही भरायचे आणि दोषही आमच्याच घरात शोधायचा? ही कंपनीची वकिली झाली. आणि वायर ओढायला वाड्याच्या भिंती फोडू का?”

आधी त्या २०० च्या प्लॅनचं बोलू, कारण त्यात तुमचे पैसे जाणार आहेत. इतक्यात घेऊ नका. १०० काय, २०० काय, एका सेकंदात किती माल येऊ शकतो एवढंच हे आकडे सांगतात. तुमची तक्रार त्याबद्दल नाहीच. तुम्ही काही मागितल्यापासून उत्तराचा पहिला तुकडा हाती पडेपर्यंत जो वेळ जातो, तो वाढलाय. हा वेळ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात.

बँकेचं पान उघडताना काय होतं बघा. आधी बँकेच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता विचारला जातो, ती एक फेरी. मग त्या सर्व्हरशी जोडणी होते, ती दुसरी. मग कुलूपबंद संभाषण ठरतं, ती किमान एक. मग प्रत्यक्ष पानाची मागणी. चार फेऱ्या झाल्याशिवाय पडद्यावर काही येत नाही. एक फेरी २५ मिलिसेकंदांची असेल तर सेकंदाच्या दहाव्या भागात काम होतं. तीच फेरी ३०० ची झाली की सव्वा सेकंद नुसता थांबण्यात जातो. वर त्या पानात आणखी पाच ठिकाणची चित्रं आणि स्क्रिप्ट असतात, त्यांतल्या प्रत्येक ठिकाणासाठी पुन्हा हाच खेळ. १०० चा प्लॅन २०० चा केल्याने या फेऱ्यांची संख्या कमी होत नाही आणि फेरीचा वेळही सहसा तोच राहतो. स्पीड टेस्ट जवळच्या सर्व्हरवरून एकाच वेळी अनेक जोडण्यांनी मोठा माल ओढते, त्यामुळे हे दुखणं तिच्या मोठ्या आकड्यात दिसतच नाही. आपल्याकडे ब्रॉडबँडची सरकारी व्याख्याही डाउनलोडच्या वेगावरच उभी आहे. जानेवारी २०२३ मध्ये किमान वेग २ एमबीपीएस केला, पण उत्तर किती वेळात यावं हे त्या व्याख्येत नाही. साहजिकच जाहिराती वेगाच्या होतात आणि विक्रीही वेगाचीच होते.

आता घरात का बघायचं ते सांगतो. तुमच्या लॅपटॉपपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंत वाटेचे तीन तुकडे आहेत: लॅपटॉप ते राउटर, राउटर ते कंपनीचं केंद्र, आणि तिथून पुढचं जग. पहिल्या तुकड्यात घोळ नाही हे तुमच्या हातात पुराव्यानिशी नसेल, तर तक्रार नोंदवल्यावर येणारा माणूस ‘साहेब, वायफायचा प्रॉब्लेम आहे’ म्हणून पाच मिनिटांत निघून जातो. माझा लेख कंपनीला वाचवायला नव्हता. कंपनीला धरायचं तर ही वाट आधी बंद करावी लागते.

तपासायला दहा मिनिटं लागतात. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा. एकीत इंग्रजी अक्षरांत पिंग (ping) लिहून पुढे राउटरचा पत्ता द्या; समोरून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले हे ही कमांड दाखवते. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. दुसरीत तसंच पिंग आणि पुढे ८.८.८.८, हा गूगलचा सर्व्हर. दोन्हींच्या शेवटी जागा सोडून वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजी टी हे अक्षर टाका, म्हणजे मोजणी थांबणार नाही. मग सूनबाईंची मीटिंग सुरू असतानाच या दोन खिडक्यांकडे लक्ष ठेवा. राउटरचा आकडा वायरवर १ च्या आत असायला हवा, चांगल्या वायफायवर २ ते ५ च्या आसपास. मीटिंग अडखळते त्याच क्षणी दोन्ही खिडक्यांतले आकडे उसळले, तर दोष वायफायमध्ये आहे. राउटरचा आकडा शांत राहिला आणि फक्त ८.८.८.८ चा उसळला, तर वायफाय सुटलं, पुढे शोधायचं.

तुमच्या वाड्यात पहिली शक्यता बरीच आहे. दगडमातीच्या दोन-अडीच फुटी भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल फार पुढे जात नाही. मग फोन-लॅपटॉप आपोआप २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर उतरतात आणि तिथे गावभागातली खरी अडचण सुरू होते. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११. घराला घर लागून असल्याने शेजारच्या सगळ्या राउटरना या तिघांतच वाटणी करावी लागते. एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं, बाकीची थांबतात. त्यात माडीवरचा एखादा जुना फोन क्षीण सिग्नलवर रेंगाळत बोलत असला, तर त्याच्यापायी सगळ्यांचा वेळ जातो. सिग्नलच्या दोन दांड्या दिसतायत म्हणून वायफाय ठीक आहे, असं समजू नका.

भिंत फोडायची गरज नाही. फायबर रस्त्याकडून सोप्यात येतं आणि माणूस राउटर तिथेच खिळ्याला टांगून जातो, ही निम्म्या घरांची रड आहे. साधी नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते, वाड्यात तेवढं अंतर नसतं. तुळईच्या कडेने क्लिपा मारत माजघरापर्यंत आणा, दाराच्या चौकटीतून चपटी केबल न्या, आणि तिच्या टोकाला तुमचा जुना राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे तिथून नुसतं वायफाय देण्यासाठी, लावा. भिंतीत खोचायचे रिपीटर शक्यतो टाळा. स्वस्तातला रिपीटर ज्या लहरींवर ऐकतो त्यांवरच परत बोलतो, त्यामुळे सिग्नलच्या दांड्या वाढतात आणि थांबण्याचा वेळही वाढतो. सूनबाईंच्या टेबलापर्यंत तरी केबल न्याच. त्यांच्या नोकरीचा प्रश्न आहे, आणि तिथे वायफायवर विसंबून राहावं असं मला अजिबात वाटत नाही.

समजा वायफाय सुटलं. आता जे सांगतो ते तुमच्या ‘दिवेलागणीनंतर’ला लागू पडेल असा माझा अंदाज आहे. घरात कुणी काही वापरत नसताना ८.८.८.८ चा आकडा बघा. मग एखाद्या फोनवरून मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायला लावा आणि पुन्हा बघा. २० चा ३०० झाला, तर तुमची लाइन रांगेमुळे तुंबते आहे.

गळीत हंगामात कारखान्याच्या काट्यापुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग आपण दरवर्षी बघतो. गव्हाण भरलेली असते, दिवसाचं गाळप ठरल्याप्रमाणे होतं, कागदावर सगळं उत्तम. पण रांगेत शेवटी उभ्या असलेल्या ट्रॉलीतला ऊस तिथेच वाळत असतो. राउटरमध्ये आणि त्यापुढच्या मोडेममध्ये हेच घडतं. माल साठवायला त्यांच्यात जागा भरपूर ठेवलेली असते. फोटोंचा बॅकअप ती भरून टाकतो आणि मीटिंगमधल्या आवाजाचा चिमुकला तुकडा त्याच्या मागे उभा राहतो. एकूण वेग पूर्ण मिळतो, म्हणून स्पीड टेस्ट खूश. संध्याकाळी घरातले सगळे परततात, फोन चार्जिंगला लागतात आणि फोटो-व्हिडिओ आपोआप वर जायला लागतात. त्यात क्लाउडवर चित्रण पाठवणारा दारातला कॅमेरा असेल तर तो दिवसरात्र चालूच. चढत्या बाजूचा वेग कमी असेल तर ती बाजू आधी तुंबते.

या दुखण्याला बफरब्लोट हे नाव जिम गेटिस या अभियंत्यामुळे रूढ झालं, आणि त्यावर औषधही आहे. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल नावाची पद्धत मांडली. तुकडा रांगेत किती वेळ उभा आहे हे ती बघते आणि रांग वेळीच आटोक्यात ठेवते. तिच्यावरूनच पुढे एफक्यू-कोडेल आलं, ज्यात प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी राहते आणि मोठ्या बॅकअपमागे लहान आवाज अडकत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम (SQM) हा रांगेला शिस्त लावणारा पर्याय शोधा. असेल तर सुरू करा आणि चढता-उतरता दोन्ही वेग, स्पीड टेस्टमध्ये येतात त्याच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा. थोडा वेग मुद्दाम सोडायचा, म्हणजे रांग कंपनीच्या उपकरणात न लागता तुमच्या राउटरमध्ये, तुमच्या ताब्यात राहते. ९० च्या जागी ८० मिळतील, पण बॅकअप चालू असतानाही मीटिंग चालेल. कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये हा पर्याय बहुधा नसतो. तेव्हा बॅकअप रात्री अकरानंतर चालू करायचा आणि कॅमेऱ्याचं चित्रण थोड्या कमी दर्जावर ठेवायचं. वरचा प्लॅन घेण्याआधी हे करून बघा, यात एक रुपयाही जात नाही.

डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर, बदला, १.१.१.१ टाका, असा सल्ला जो तो देतो. नावावरून पत्ता शोधायची पहिली फेरी त्याने कमी होऊ शकते, बाकी काही नाही. मीटिंग त्याने सुधारत नाही.

एक गोष्ट मात्र दोष म्हणून मोजू नका. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सांगली-मुंबई केबलची वाट ५०० किलोमीटर धरली, तरी जाऊन येऊन ५ मिलिसेकंद. म्हणजे मुंबईतला सर्व्हर २० मध्ये उत्तर देत असेल तर उत्तम, आणि १०० लागत असतील तर त्याला अंतर हे कारण नाही. पण न्यूयॉर्क मुंबईहून सरळ रेषेतही साधारण साडेबारा हजार किलोमीटर आहे. तिथली फेरी सव्वाशेच्या खाली येऊच शकत नाही, आणि प्रत्यक्षात केबलच्या वळणांमुळे ती २०० च्या आसपास जाते. सूनबाईंच्या ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित वाट, परदेशातल्या सर्व्हरवरून फिरून येत असेल, तर पुण्यातल्या माणसाशी बोलतानाही हा फेरा पडतो. व्हीपीएन बंद असताना आणि चालू असताना असे दोन आकडे घ्यायला त्यांना सांगा. फरक मोठा निघाला तर बोलायचं ऑफिसच्या आयटीवाल्यांशी, इंटरनेटवाल्याशी नाही.

आणि आता कंपनी. हो, तुमच्या लाइनवर दोष कंपनीचाही असू शकतो, आणि तो असा सिद्ध करायचा. लॅपटॉप राउटरला वायरने जोडा, बाकी सगळी उपकरणं बंद करा. सकाळी सातला आणि रात्री साडेनऊला दहा-दहा मिनिटं ८.८.८.८ चं पिंग चालवा. सकाळी २० आणि रात्री १५०, किंवा रात्री पिंगचे काही तुकडे उत्तराविना गायबच होत असतील, तर तुमच्या घरातल्या कशालाही बोट लावता येणार नाही. तुमच्या गल्लीतली फायबर लाइन साधारणपणे ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. प्रचलित जीपॉन पद्धतीत त्या सगळ्यांना मिळून उतरत्या बाजूला सुमारे २.५ जीबीपीएस मिळतात, चढत्या बाजूला त्याच्या निम्मे. सगळी घरं एकदम टोकाचा वापर करत नाहीत, म्हणून हा तुकडा सहसा तुंबत नाही. कोंडी होते ती पुढे, गिऱ्हाइकं वाढली तरी स्थानिक ऑपरेटरने सांगलीबाहेर जाणारी क्षमता वाढवून घेतली नाही की. ती रात्री आठ ते अकरा दिसते आणि सकाळी नाहीशी होते.

दिवसभर कधीही तुकडे गळत असतील तर प्रकाशाची पातळी विचारा. राउटरच्या पानावर ती दिसते, किंवा माणूस मीटर लावून सांगतो. उणे २७ डीबीएमच्या पलीकडे, उणे २८-२९ असेल, तर लाइन आजारी आहे. खांबाला करकचून बांधलेलं फायबर, कोपऱ्यात मुडपलेली तार किंवा मळलेला जोड, असं काहीतरी सापडतं. यात तुमचा खर्च नाही, दुरुस्ती त्यांनी करायची.

ट्रेसर्ट (tracert) ही कमांड वाटेतल्या प्रत्येक टप्प्याचा वेळ दाखवते; तिचा आकडा पुरावा म्हणून देताना जपा. मधल्या एखाद्या टप्प्यावर ३०० किंवा नुसत्या चांदण्या दिसल्या आणि शेवटच्या टप्प्यावर २० असेल, तर तो दोष नाही. मधली मोठी यंत्रं अशा चौकशीला सवडीने उत्तर देतात, कारण त्यांचं मुख्य काम माल पुढे ढकलायचं असतं. एखाद्या टप्प्यापासून शेवटपर्यंत सगळेच आकडे चढलेले राहिले तरच बोट ठेवा. नाहीतर समोरचा जाणकार तेवढंच पकडून तुमची सगळी तक्रार उडवून लावेल.

तक्रार फोनवर केली तरी डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून घ्या, आणि ‘नेट स्लो आहे’ असं लिहू नका. लिहा: ‘वायरने जोडून, इतर वापर बंद ठेवून, सकाळी ७ ला इतके मिलिसेकंद, रात्री ९.३० ला इतके, तुकडे गळण्याचं प्रमाण इतके टक्के, प्रकाशाची पातळी इतकी.’ सोबत पडद्याचे फोटो जोडा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत, आणि ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांनुसार अपिलाचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे थेट तिकडे पत्र पाठवण्यात वेळ घालवू नका.

तुम्हाला जमेल तेव्हा चार आकडे मला इथेच कळवा: राउटरचं पिंग वायफायवर, तेच वायरवर, ८.८.८.८ चं पिंग बॅकअप बंद असताना, आणि बॅकअप चालू असताना. शेवटचे दोन रात्री साडेनऊचे हवेत. त्यांवरून केबल ओढायची, राउटर बदलायचा की तक्रारीचा मजकूर लिहायचा, हे नक्की सांगता येईल; मजकूर मी लिहून देतो. मधल्या काळात २०० च्या प्लॅनसाठी फोन आला, तर त्यांना डॉकेट नंबर सांगा आणि आधी त्याचं उत्तर मागा.