वाघ ट्रकने आणायचा का पायी येऊ द्यायचा?

विषय काढला गोट्याने. म्हणे मुक्ताईनगरकडच्या डोलारखेड्याचे ते केळीच्या बागांत फिरणारे चार-दोन वाघ उचला अन् मेळघाटात सोडून द्या, शेतकऱ्याची भीती जाईन आणि वाघाचंबी भलं होईन.

सुन्या लगेच उसळला. "अरे भो, तिथून वाघ काढला तर यावलच्या जंगलात येणार कुठून? मेळघाट, अंबाबरवा, वढोदा, मग यावल, अशी वाघाच्या येण्याजाण्याची जंगलपट्टी आहे ती, अन् तू मधलंच काढून ऱ्हायला."

"मग यावलला बाहेरून दोन वाघिणी आणा ना. नामिबियातून चित्ते येतात मध्य प्रदेशात कुनोला, वाघाला काय झालं?"

इथे सर सुरू झाले (झूलॉजी शिकवतात, एकदा लागले की चहा गार). अमेरिकेत फ्लोरिडातले पँथर (म्हणजे प्युमा) 90 च्या दशकात वीस-तीसच उरले होते, नात्यातल्या नात्यात वीण होऊन शेपट्या वाकड्या, हृदयात दोष, नरांमध्येबी गडबड. 1995 मध्ये टेक्सासहून 8 माद्या आणून सोडल्या तेव्हा कुठे धडधाकट पिल्लं निघायला लागली, आज शंभराच्या वर आहेत.

"बघा! मी काय सांगत होतो?" गोट्या.

पण सरांनी सिमिलिपालचं काढलं तिथे गोट्या जरा अडकला. ओडिशातल्या त्या काळ्या वाघांचे फोटो आपण सगळेच फॉरवर्ड करतो, पण ते काळे का, तर जंगल एकटं पडलं, बाहेरचा वाघ येईना, मग थोडक्याच वाघांत एक दुर्मिळ जीन पसरत गेला, 2021 ला बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेवाल्यांनी दाखवलं हे. म्हणून 2024 मध्ये आपल्याच ताडोबातून जमुना आणि झीनत तिकडे नेल्या. झीनतबाई काही तिथे थांबल्या नाहीत, झारखंड करून थेट बंगालात बांकुऱ्याला, तिथे बेशुद्ध करून धरावं लागलं.

"म्हणजे चालता येतं ना तिला," सुन्या म्हणे, "मग वाट ठेवा की."

त्याचं दुसरं म्हणणं रोगाचं. 2018 मध्ये गीरमध्ये डिस्टेंपरची (कुत्र्यांत असतो तो विषाणूचा रोग) साथ आली तेव्हा वीसच्या वर सिंह दगावले. सगळे एकाच जागी असले की हेच; सगळ्या शिवारात एकच जी-नाईन जातीची केळी लावली अन् रोग आला की काय होतं, हे रावेर-यावलवाल्याला सांगायला नको. सुप्रीम कोर्टाने 2013 लाच सांगितलं होतं काही सिंह कुनोला न्या म्हणून, तिथे आले चित्ते!

मला विचाराल तर ट्रक हा शेवटचा इलाज, वाट पार बंद झाली तिथला. आपली सातपुड्याची पट्टी तुटक-तुटक का होईना अजून आहे, ती सोडून वाघीण विकत आणल्यासारखी आणायची म्हणजे येडेपणा.

पण गोट्याचं शेवटचं बोलणं खोडता आलं नाही कोणाला. "पट्टी ठेवा, माझं काय जातं. पण केळीला पाणी भरायची लाइट येते रात्री. अंधारात बॅटरी घेऊन मोटर चालू करायला माझा बाप जातो, तुमचा जीन नाही जात."

सर गप्प. सुन्या म्हणे, जंगलाला लागून जेवढी गावं आहेत तेवढ्यांना तरी दिवसा लाइट द्या, वाघाच्या नावाने मागा पाहिजे तर. हे गोट्याला पटलं, आणि मग पुढचा सगळा वेळ वीजवाल्यांवरच गेला.