‘एम*ए*एस*एच’मधल्या तारकाचिन्हांबद्दल खुलासा

१९७२ ते १९८३ या काळात सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर चाललेल्या, कोरियन युद्धातल्या लष्करी रुग्णालयावरच्या ‘एम*ए*एस*एच’ या मालिकेच्या नावातल्या तारका (*) अमेरिकी लष्कराच्या संक्षेपातून आल्या, असं ठामपणे लिहिलं जातं. हे खरं नाही. ‘मोबाइल आर्मी सर्जिकल हॉस्पिटल’, म्हणजे आघाडीजवळचं फिरतं शस्त्रक्रिया रुग्णालय, याचा लष्करी संक्षेप तारकांविनाच लिहीत. १९६८च्या मूळ कादंबरीच्या नावातही त्या नाहीत. १९७०च्या चित्रपटाच्या जाहिरातींत त्या दिसल्या आणि मालिकेने त्या कायम ठेवल्या. अर्थाच्या दृष्टीने ती निव्वळ सजावट. तरी मालिकेबद्दल लिहिताना त्या गाळू नका, तिचं नाव तसंच आहे. कोरियन युद्धातल्या खऱ्या रुग्णालयांना मात्र त्या चिकटवणं चूकच. (उच्चार दोन्हीकडे ‘मॅश’.)