अपक्षाला दिलेलं मत पाण्यात जात नाही

निवडणूक जाहीर झाली की सांगली-साताऱ्यात एक मजकूर मोबाइलवर फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. अपक्ष निवडून येत नाही. तो उभाच राहतो कुणाची तरी मतं खायला. चुकून आलाच तर विकला जातो. नाही विकला गेला तर त्याला निधी मिळत नाही. सबब मत वाया घालवू नका, चिन्ह बघून बटण दाबा. मिरजेत एका अपक्ष उमेदवारासाठी घरोघर स्लिपा वाटताना गल्लोगल्ली मी हेच ऐकलं. सांगणारी माणसं वाईट नव्हती, त्यांना ते मनापासून पटलेलं होतं. म्हणूनच एकेका मुद्द्याला उत्तर द्यायला हवं.

पहिला मुद्दा, निवडून येत नाही. 2024 च्या लोकसभेला सांगलीत विशाल पाटील ‘लिफाफा’ चिन्हावर एक लाखाहून जास्त मतांनी निवडून आले आणि महाविकास आघाडीच्या अधिकृत उमेदवाराचं डिपॉझिट गेलं. 2009 मध्ये माणमधून जयकुमार गोरे आणि कराड उत्तरमधून बाळासाहेब पाटील अपक्ष म्हणूनच विधानसभेत गेले. 1995 ला तर राज्यात 45 अपक्ष आमदार आले आणि शिवसेना-भाजप युतीचं सरकार त्यांच्या पाठिंब्यावर उभं राहिलं. पण खरं सांगायचं तर या नावांवर माझी फारशी भिस्त नाही. कुणामागे वसंतदादांचं घराणं, कुणामागे कारखाना, कुणामागे वर्षानुवर्षं बांधलेला गट. गल्लीतल्या साध्या कार्यकर्त्याला ही उदाहरणं दाखवणं म्हणजे त्याची फसवणूक. त्यातून एवढंच सिद्ध होतं की आपला मतदार चिन्हाला बांधलेला नाही.

साध्या माणसासाठी खरी अडचण वेळेची असते. 2025 च्या नगरपालिका निवडणुकीत चिन्हं मिळाली 26 नोव्हेंबरला आणि मतदान ठरलं होतं 2 डिसेंबरला. पक्षाचं चिन्ह लोकांच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं असतं, अपक्षाला मात्र त्या मोजक्या दिवसांत आपली कपबशी नाहीतर शिट्टी घरोघर पोचवावी लागते. म्हणून अपक्ष पडतो तेव्हा तो नालायक होता म्हणूनच पडला, असं समजू नका. आणि ग्रामपंचायतीत तर पक्षाचं चिन्ह नसतंच. तिथं सरपंचासकट प्रत्येक उमेदवार कागदावर बिनपक्षाचा असतो. पॅनेल पक्षाचं असतं हे सगळ्या गावाला माहीत असतं, तरीही लोक भावकी, काम आणि स्वभाव बघूनच ठरवतात. तीच माणसं शहरात आल्यावर चिन्ह का शोधतात, हे मला कधी कळलं नाही.

आता मतं खाण्याचा आरोप. याला साताऱ्याचं उदाहरण हमखास दिलं जातं, आणि ते खोटं नाही. 2024 च्या लोकसभेला उदयनराजे जिंकले 32,771 मतांनी, आणि त्यांचे प्रतिस्पर्धी शशिकांत शिंदे यांच्या चिन्हाशी साधर्म्य असलेलं चिन्ह मिळालेल्या एका अपक्षाला 37,062 मतं पडली. पण हा दोष चिन्हांच्या गोंधळाचा आहे. ज्यांनी ते बटण दाबलं त्यांतल्या कितींना आपण अपक्षाला मत देतोय हे ठाऊक होतं? शिवाय डमी उमेदवार उभे करतं कोण? प्रतिस्पर्ध्याच्या नावाचा माणूस शोधून, त्याचा फॉर्म भरून देणारे बहुतेकदा मोठे गटच असतात.

आणि महापालिकेत तर हा हिशेबच चुकतो. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये 20 प्रभाग आणि 78 जागा. म्हणजे बहुतेक प्रभागांत अ, ब, क, ड अशा चार जागा, आणि प्रत्येक मतदाराला तेवढीच मतं. ‘क’ जागेवर तुम्ही अपक्षाला मत दिलं म्हणून ‘अ’, ‘ब’ आणि ‘ड’ वरचं तुमचं मत हिरावलं जात नाही. तिथं तुमच्या आवडत्या पक्षालाच द्या, कोण अडवतंय? मत वाया जाईल हे भय लोकसभेच्या एका बटणावर पोसलं गेलं आणि तसंच्या तसं प्रभागात आणलं गेलं. ‘चारही बटणं एकाच चिन्हासमोर’ असं दारात येऊन सांगितलं जातं ते चौघांतल्या कच्च्या उमेदवाराला पक्क्याच्या पाठीवर बसवून पलीकडे न्यायला. कच्चा कोण, हे प्रभागात सगळ्यांना माहीत असतं.

विकला जातो, हा आरोप मला सगळ्यात जास्त झोंबतो, कारण त्यात कायद्याचं अज्ञान आहे आणि पक्षवाल्यांची सोयही आहे. 1986 च्या महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियमानुसार अपक्ष म्हणून निवडून आलेला नगरसेवक नंतर एखाद्या पक्षात गेला तर त्याचं पद जाऊ शकतं. तक्रार नगरपालिकेच्या बाबतीत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, महापालिकेच्या बाबतीत विभागीय आयुक्तांकडे. निकालानंतर महिनाभरात इतर सदस्यांबरोबर आघाडी, म्हणजे गट, करून नोंदवायची तेवढी मुभा आहे. उलट पक्षाच्या गटाला दोन तृतीयांश सदस्य जमवून विलीनीकरणाचा रस्ता मोकळा असतो. एकट्या अपक्षाला तो नाही.

हे पुस्तकी वाटत असेल तर आपल्याच महापालिकेकडे बघा. 2018 ला भाजपला 78 पैकी 41 जागा मिळाल्या, म्हणजे स्पष्ट बहुमत. फेब्रुवारी 2021 मध्ये महापौर झाले राष्ट्रवादीचे दिग्विजय सूर्यवंशी, कारण भाजपच्याच काही नगरसेवकांनी साथ सोडली. ते सगळे चिन्हावर निवडून आलेले होते. त्यानंतर कुणी ‘पक्षाला मत देऊ नका, ते फुटतात’ असा मजकूर फिरवल्याचं मला आठवत नाही.

एक पळवाट मात्र आहे. पक्षप्रवेश न करता ‘पाठिंबा’ देता येतो, आणि त्या पाठिंब्याची किंमत वसूल करणारे अपक्ष मी बघितले आहेत. त्यावर उपाय मतदारापाशी आहे. मतदानाआधीच, चार माणसांसमोर विचारायचं : महापौर निवडीत किंवा उपनगराध्यक्षाच्या निवडीत तुमचं मत कुणाला? ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ म्हणणाऱ्याला मीही मत देणार नाही.

राहिला निधी. यात अर्धं सत्य आहे. महापालिकेच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीच्या जागा गटांच्या संख्याबळावर ठरतात, त्यामुळे एकटा अपक्ष बाहेरच राहतो. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, आणि तिथं कुणाचा वशिला चालतो हे मी सांगायला नको. पण प्रभागातली गटार, दिवे, पाणी आणि घंटागाडी ही कामं महापालिकेच्या अंदाजपत्रकातून होतात, आणि त्या अंदाजपत्रकात तुमची घरपट्टी-पाणीपट्टीही असते. ते पैसे तुमचे आहेत, कुठल्या पक्षाने खिशातून घातलेले नाहीत. ग्रामपंचायतीत 15 व्या वित्त आयोगाचा निधी तर लोकसंख्या आणि क्षेत्रफळ बघून वाटला गेला. सरपंच कुणाचा, हा प्रश्न त्या सूत्रात कुठंच नव्हता.

स्थायीत जागा हवी असेल तर महिन्याच्या आत आघाडी नोंदवावी लागते, आणि त्यासाठी निकालाआधीच बाकीच्या अपक्षांशी बोलणं व्हायला लागतं. आमच्या उमेदवाराला हे प्रचाराच्या पहिल्या आठवड्यातच एका निवृत्त पालिका कर्मचाऱ्याने समजावलं होतं. यंदा कुणी दारात येऊन ‘मी अपक्ष आहे’ म्हणाला, तर त्याने हे बोलणं सुरू केलं आहे का, ते विचारा. त्याच्या प्रत्येक बूथवर पोलिंग एजंट आहे का आणि निकालानंतर 30 दिवसांत द्यायचा खर्चाचा हिशेब कोण लिहितंय, हेही विचारा.