लाईन येते आणि दिवा सगळे विसरतो

परवा रात्री पावणेतीनला गावातली लाईन परत आली आणि आमच्या समोरच्या खोलीत भर दुपार झाली. संध्याकाळी वादळात तार तुटली होती, लाईनमन पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटून गेली होती, आणि वीज येताक्षणी कोरलच्या, म्हणजे जिवंत प्रवाळाच्या, टँकवरचा एलईडी दिवा शंभर टक्के तीव्रतेने पेटला, कारण त्याच्या आतल्या घड्याळाने आता दुपारचे बारा वाजले असे परस्पर ठरवून टाकले होते. दारातून निळापांढरा उजेड थेट आईच्या खाटेवर आला. तिने मला हाक मारली, "काहून रे, या पेटीतला दिवस आज मावयत नाही काय?" मी धावत जाऊन प्लग उपटला. त्या रात्री मी घरी होतो म्हणून निभावले. जून महिन्यात मी घरी नव्हतो, आणि त्याची किंमत माझ्या लेदर कोरलने, म्हणजे चामड्यासारख्या टोपीच्या मऊ प्रवाळाने, मोजली.

आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात आहे. येथून मुंबईचा समुद्र सुमारे ६०० किलोमीटर दूर आहे आणि आमच्या बोअरचे पाणी खारट असले तरी ते समुद्राचे पाणी नव्हे, म्हणून मी आरओच्या पाण्यात समुद्री मीठ कालवून हा टँक तीन वर्षे सांभाळला आहे. दगडी सांगाडा बांधणारे कोरल वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे ते मी ठेवत नाही. माझ्याकडे लेदर, मश्रूम आणि झोअँथिड या जातींचे, दगडी सांगाडा नसलेले मऊ जीव तेवढे आहेत. हे सोपे कोरल समजले जातात आणि ते खरेही आहे. पाणी, मीठ, तापमान या साऱ्यांशी मी जुळवून घेतले. मला हरवले ते दिव्याने, आणि तेही असल्या दोषामुळे की जो दूर करायला कंपनीला घड्याळाच्या दुकानात मिळणारा एक बटन सेल पुरला असता.

जूनमध्ये काय झाले ते सांगतो. मुलाच्या प्रवेशासाठी मी चार दिवस नागपूरला होतो. इकडे गावठाणाची डीपी जळाली, ती बदलली, मग बदललेलीही नीट चालेना, आणि लाईन दिवसातून चार-पाच वेळा येऊ-जाऊ लागली. घरचा इन्व्हर्टर मी पाणी फिरवणाऱ्या पंपाला जोडलेला आहे, कारण वीज नसताना आधी प्राणवायू जपावा लागतो. दिवा मुद्दाम साध्या लाईनवर ठेवला आहे. अंधाराने कोरल मरत नाही. दोन-तीन दिवस आभाळ भरून आले, पाणी गढूळ झाले, तर समुद्रातही त्याला अंधार सोसावाच लागतो. पण लाईन जितक्या वेळा आली तितक्या वेळा या दिव्याने नव्याने दुपार सुरू केली, रात्री अकराला दुपार, पहाटे चारला दुपार, आणि प्रत्येक वेळी मी लावलेली ४५ टक्के तीव्रता पुसून कारखान्याची १०० टक्के लावली. मी परत आलो तेव्हा लेदरची टोपी, जी मशेरीसारख्या गडद तपकिरी रंगाची होती, फिकट पिवळी पडून कडेने आत वळली होती आणि तिच्यावर एकही पॉलिप, म्हणजे कोरलचे फुलासारखे बारीक तोंड, उघडलेला नव्हता. मश्रूम आक्रसून पावलीएवढे झाले होते. झोअँथिडांनी तोंडे मिटून घेतली होती.

ज्यांना हे क्षुल्लक वाटते त्यांनी एवढे समजून घ्यावे की या कोरलांच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते, झोझँथेली, आणि तेच उजेडावर अन्न तयार करून आपल्या यजमानाला बहुतांश जगवते. उजेड एकदम दुपटीने वाढला आणि तासन्‌तास उतरलाच नाही तर या शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा कोलमडते, त्यातून प्राणवायूची घातक रूपे निर्माण होतात आणि कोरल आपल्याच अंगातले शैवाल बाहेर टाकते. त्यालाच ब्लीचिंग म्हणतात. प्रखर उजेडाला कोरल जुळवून घेऊ शकते, पण त्याला आठवडे लागतात. मी २५ टक्क्यांपासून सुरुवात करून दर आठवड्याला ५ टक्के वाढवत पाचव्या आठवड्यात ४५ वर आलो होतो. रोज सकाळी टोपीचा रंग पाहायचा, पॉलिप किती लांब आले ते पाहायचे, शंका आली तर त्या आठवड्यात वाढवायचे नाही, हा माझा नेम होता. असा सांभाळून आणलेला जीव एका विसरभोळ्या कंट्रोलरने चार दिवसांत भाजून काढला, याचा राग मला अजूनही आवरत नाही.

आता विकणाऱ्याचे ऐका. मी फोन केला तर उत्तर मिळाले, "सर, साठ टक्क्यांवर ठेवा, काही होत नाही." साठ टक्के कशाचे? हा प्रश्न मी त्यांना तीन वेळा विचारला. माझ्या दिव्याला ९० अंशांत उजेड पसरवणारे भिंग आहे, दुसऱ्याच्या दिव्याला १२० चे असेल. माझा दिवा पाण्यापासून ८ इंच वर होता, दुसऱ्याचा १५ इंच असेल. माझ्या टँकची खोली १८ इंच आहे. टक्केवारी ही फक्त त्या यंत्राने आपल्याच क्षमतेचा किती भाग वापरला एवढे सांगते, कोरलच्या अंगावर काय पडते ते सांगत नाही. ते सांगते पार, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला, शैवालाच्या कामी येणारा उजेड, आणि तो दर चौरस मीटरला दर सेकंदाला किती मायक्रोमोल पडतो यात मोजतात. खोक्यावर वॉट छापले आहेत, रंगांचे चॅनल छापले आहेत, सुंदर कोरलचे छायाचित्र छापले आहे, पण किती उंचीवरून कुठे किती पार मिळेल याचा एक साधा तक्ताही छापलेला नाही.

पार मोजायचा मीटर माझ्या दिव्यापेक्षा महाग आहे. शेवटी पिकांच्या पानांखाली किती उजेड पोहोचतो ते मोजणाऱ्या एका कृषी संशोधक मित्राकडून मी पाण्यात चालणारा क्वांटम सेन्सर, म्हणजे असाच पार मोजणारा मीटर, दोन दिवसांसाठी मागून आणला. ४५ टक्क्यांवर लेदरच्या जागी ११० आणि मागच्या कोपऱ्यातल्या मश्रूमजवळ ५० भरले, म्हणजे दोघांनाही मानवेल इतके. १०० टक्क्यांवर लेदरवर २४० पडत होते. हे आकडे हाती येईपर्यंत मी दोन वर्षे अंदाजाने चाचपडत होतो, आणि मला सल्ला देणारे सगळेही अंदाजानेच बोलत होते, फक्त त्यांच्या आवाजात खात्री होती. मोबाईलच्या लक्स ॲपने मोजा, असे सांगणारेही भेटले. लक्स हे माणसाच्या डोळ्याचे माप आहे, त्यात हिरव्या-पिवळ्या उजेडाला वजन जास्त आणि निळ्याला अगदी कमी. आणि कोरलच्या दिव्यात निळाच मुख्य. पांढरा चॅनल २० टक्के केला की खोली लख्ख दिसते आणि निळा ८० टक्के केला तरी अंधारल्यासारखी वाटते, म्हणून नवा माणूस निळा वाढवत जातो आणि मग कोरल फिके का पडले म्हणून पाण्याला दोष देतो.

विदर्भातल्या उन्हाळ्यात तर ही चूक दुप्पट महाग पडते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बाहेर ४५ अंश असते, कूलर लावूनही खोली ३५ च्या खाली येत नाही, आणि टँकचे पाणी पृष्ठभागावर पंखा मारून कसेबसे २७-२८ वर धरावे लागते. पाणी तापलेले असताना प्रखर उजेड पडला की ब्लीचिंग लवकर होते, म्हणून त्या दिवसांत मी तीव्रता मुद्दाम १० टक्के उतरवतो. आणि लाईनही सर्वाधिक जाते ती त्याच दिवसांत आणि त्यानंतरच्या वादळांत. म्हणजे ज्या आठवड्यात उजेड कमीच हवा, नेमका त्याच आठवड्यात हा दिवा सगळे विसरून पूर्ण पेटतो.

कंपनीच्या मदत केंद्राने सांगितले की ॲप उघडले की वेळ आपोआप जुळते. ॲप उघडायला मी घरी असलो पाहिजे, घरात वायफाय चालू असले पाहिजे आणि गावच्या टॉवरला बॅटरी उरली असली पाहिजे. आमच्याकडे लाईन गेली की तासाभरात टॉवरही जातो. मी त्यांना लिहिले की भिंतीवरचे दोनशे रुपयांचे घड्याळ लाईन गेल्यावर वेळ विसरत नाही, शेतातल्या मोटारीचा ऑटो स्विच लाईन आल्यावर आपले काम अचूक करतो, मग १८ हजारांच्या दिव्याला वेळ लक्षात का ठेवता येऊ नये? सेटिंग साठवायला आणि घड्याळ चालू ठेवायला लागणारी चिप काही दुर्मीळ नाही. उत्तरात मला नव्या मॉडेलची किंमत कळवण्यात आली. त्यात घड्याळाला सेल आहे का, हे विचारून महिना झाला.

सध्या मी दिवा छताच्या हुकाला दोरीने टांगून १४ इंचांवर नेला आहे आणि त्याखाली खिडकीला लावतात ती मच्छरजाळी दुहेरी ताणून बांधली आहे. सेन्सर परत देण्याआधी मोजून घेतले, आता १०० टक्क्यांवरही लेदरजवळ १२० च्या वर जात नाही. मध्ये तालुक्यातून आणलेला बॅटरीचा टायमर आहे, तो सकाळी दहाच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर दिव्याला वीज पोहोचूच देत नाही. परवा तो टायमर बसवायचा राहिला होता, काल बसवला. पहाटेचा मंद उजेड, हळूहळू चढणारी दुपार, सायंकाळचा उतार, ज्यासाठी मी हा दिवा घेतला होता, ते सगळे आता बंद आहे.

लेदरची टोपी अजून फिकटच आहे. आज दुपारी खडकाच्या सावलीकडच्या कडेला बारीक पॉलिप बाहेर आलेले दिसले. मी काचेला नाक लावून मोजले, नऊ होते.